रिकामी गाडी घाटात

संघर्षचा फोन आला तेव्हा सहादूकाका जीपच्या बोनेटखाली डोकं घालून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. विमलाकाकूंनी फोन स्पीकरवर टाकला आणि मडगार्डवर ठेवला.

"नाना, गाडी बुक झाली," संघर्ष जर्मनीहून म्हणाला. "थेट कारखान्यात जाऊन ताब्यात घ्यायची. जुलैत या तुम्ही."

"सीट किती?"

"दोन."

काकांनी डोकं बाहेर काढलं. "दोन? आपल्या जीपला पुढंच चार बसतात."

"स्पोर्ट्स कार आहे नाना. तिला दोनच असतात."

"मग मी कुठं बसू?" काकू म्हणाल्या. "टपावर?"

"आई, तुला पुढच्या वर्षी आणतो."

"पुढच्या वर्षी काय तिला तिसरी सीट फुटणार आहे?"

संघर्ष हसला. मग म्हणाला, "नाना, तिथून आपण डोंगरात जायचं. घाट तुम्ही चालवायचा. रिकामी गाडी."

काकांच्या हातातली बादली तिरकी झाली होती आणि पाणी इंजिनावरून खाली गळत होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. काकूंनी बादली सरळ केली.

संघर्ष आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो आणि पेठ रोडच्या एकाच कॉलनीत वाढलो. त्यामुळे 'रिकामी गाडी' म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. सहादू पगारे एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी नाशिक-पेठ या एकाच मार्गावर काढली. मागे माणसं, टपावर भाजीचे भारे, एखाद्या वेळी पायाशी कोंबड्या, आणि समोर सावळघाट. चढाला गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत जायची. संघर्ष लहान असताना सुट्टीच्या दिवशी इंजिनाच्या झाकणावर बसून त्यांच्यासोबत जायचा. तेव्हा काका त्याला म्हणायचे, "संघ्या, एकदा हा घाट रिकाम्या गाडीनं चढायचाय. ना प्याशिंजर, ना टाइमटेबल. बघू तरी घाट कसा लागतो ते."

ते कधी झालं नाही. रिकामी एसटी घाटात जायची ती फक्त बिघडली की, आणि तेव्हा ती ओढून नेली जायची.

निवृत्त झाल्यावर काकांनी जुनी काळीपिवळी जीप घेतली आणि त्याच रस्त्यावर लावली. पेठ नाक्यावरून भरायची, करंजाळीपर्यंत जायची, परत यायची. घरात काचेच्या डबीत एक बिल्ला होता, विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला. एसटी महामंडळाच्या कार्यक्रमात तो त्यांच्या छातीला लावला होता. त्या वेळचा फोटो आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारातही लावावा असं एकदा ठरलं होतं, पण काका म्हणाले, "तिथं बाबासाहेब आहेत. त्यांच्या शेजारी ड्रायव्हर कशाला?"

जीपमध्ये डाव्या खिडकीची जागा कुसाबाईची. करंजाळीच्या अलीकडच्या पाड्यावरची ही बाई, रोज नाशिकला रानभाजी नाहीतर करवंदं घेऊन यायची. त्या रस्त्याच्या जीपमध्ये एक रीत आहे. पुढे खिडकीशी जो बसतो त्याने डावी बाजू सांगायची. जीप इतकी भरलेली असते की ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर असतो. डावीकडचा आरसा त्याला चार डोक्यांमधून कुठून दिसणार? म्हणून खिडकीवाला ओरडतो: "म्हातारी हाय", "जाऊ द्या", "बैल हाय, दमानं". कुसाबाई यात तयार होती. ती नुसती माणसं-जनावरं नाही, वळणंही सांगायची.

"मोह आला वं, भाऊ."

सावळघाटात एका अवघड वळणावर मोहाचं जुनं झाड होतं. काका नव्या ड्रायव्हरांना शिकवायचे: "रस्त्याकडं बघू नको, रस्ता फसवतो. मोह दिसला की स्टिअरिंग डावीकडं. मोह कधी फसवत नाही."

गेल्या काही वर्षांत जीपचा डावा आरसा दोनतीनदा बदलावा लागला. जेवताना काकांचा हात लागून पाण्याचा तांब्या कलंडायचा. राखी, संघर्षची बहीण, शाळेत शिकवते, ती म्हणायची, "नाना, समोर तर होता तांब्या." काका म्हणायचे, "समोर नव्हता, बाजूला होता." मग सगळे हसायचे. साठी उलटलेल्या माणसाच्या हातून तांब्या सांडतोच, यात विचार करण्यासारखं कोणाला काही वाटलं नाही.

परदेशात गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओचं ऑफिस आमच्या कॉलनीपासून जवळच. त्यासाठी डोळे तपासले. डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला; काकांनी चष्मा न लावता शेवटची ओळ वाचली. डॉक्टर म्हणाले, "काका, माझ्यापेक्षा नजर चांगली आहे तुमची." हे वाक्य पुढे आठवडाभर जीपमध्ये रोज ऐकवलं गेलं.

"आता तिकडं गेल्यावर आमाला वळखशीला का?" कुसाबाईने विचारलं.

"तिकडं दोन महिने थोडाच राहणार आहे? घाट चढायचा अन् यायचं."

"तिकडचा घाट कसा असंल?"

"घाट म्हणजे घाट. वर चढायचं अन् खाली उतरायचं."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग इथंच चढा की. इमानाचं भाडं वाचंल."

जुलैत काका गेले. बॅगेत काकूंनी शेंगदाण्याची चटणी, भाकरीसाठी नागलीचं पीठ आणि स्वेटर भरला. बिल्ल्याची डबी काकांनी स्वतः खिशात ठेवली.

गाडी ताब्यात देण्याचा तिथे एक समारंभच असतो. काचेचा मोठा हॉल, त्यात कापडाखाली झाकलेली गाडी. एक बाई आली, दोघांशी हात मिळवले आणि कापड ओढलं. गाडी लाल होती. रंग कोणता घ्यायचा हे संघर्षने काकांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "लाल घे. एसटी बघ, लांबून कळते."

दोघे गाडीसमोर उभे राहिले, हात जोडले आणि हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. त्या बाईला काही कळलं नसावं, पण तीही हात पुढे बांधून गप्प उभी राहिली. मग काका खाली वाकले आणि एकेका टायरवर बोटांच्या पेरांनी ठोकत गाडीभोवती फिरले. डेपोत सकाळी गाडी काढायच्या आधी लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकायचा, ती सवय. बाईने संघर्षला विचारलं, हे काय करतायत? संघर्षने सांगितलं, वडील ड्रायव्हर आहेत, हवा बघतायत. ती खूश झाली.

"स्टेपनी कुठंय?" काकांनी विचारलं.

"नसते नाना. पंक्चर झालं तर फेस भरायचा किट आहे. नाहीतर फोन करायचा."

"कोणाला?"

"कंपनीला."

"अन् घाटात रेंज नसली तर?"

"असते इथं."

"घाटात रेंज असते?" काकांना हे गाडीपेक्षा मोठं वाटलं.

मग ते सवयीने उजव्या दाराकडे गेले, दार उघडलं आणि आत पाहिलं तर स्टिअरिंग नाही. "नाना, इथं ते डावीकडं असतं," संघर्ष म्हणाला. "पण आत्ता तिकडंच बसा. हायवे मी चालवतो."

त्या पहिल्या दिवसाबद्दल संघर्षने मला फोनवर सांगितलं तेव्हा तो पुन्हापुन्हा एकाच गोष्टीकडे यायचा. हायवेवर डाव्या लेनमधून गाड्या जोरात पुढे जात होत्या, आणि प्रत्येक गाडी पुढे निघाली की नाना दचकत होते. बाजूला असेपर्यंत काही नाही. काचेसमोर आली की अंग आखडायचं आणि उजवा पाय खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता.

"भीती वाटतेय का, नाना? हळू घेऊ?"

"भीती कसली. हे लोक हॉर्नच मारत नाहीत. एवढी मोठी गाडी शेजारून जाते, मुकी."

"इथं हॉर्न मारणं म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे."

"मग माणसाला कळावं कसं, कोण कुठंय?"

संघर्षला ते वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं. तो गाड्यांच्या ब्रेकसाठी सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. सेन्सरला किती कोनातलं दिसतं, कुठून पुढे दिसत नाही, हे मोजणं त्याचं रोजचं काम. तो म्हणाला, "मी आयुष्यभर हेच मोजतोय रे, आणि शेजारच्या सीटवर बसलेला माणूस सांगत होता तेव्हा मी हसत होतो."

रात्री ते डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्या गेस्ट हाऊसमध्ये राहिले. सकाळी नाश्त्याला काकांचा धक्का लागून संत्र्याच्या रसाचा ग्लास कलंडला. मालकिणीने हसून पुसलं. काकांनी खिशातून डबी काढली, बिल्ला शर्टाला लावला आणि म्हणाले, "चल. दे चावी."

ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळचा तो घाट. हवा स्वच्छ होती, ऊन होतं. काकांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि थोडा वेळ तसेच बसले.

"गिअर?"

"आपोआप पडतात. तुम्ही फक्त चालवा."

"मग ड्रायव्हर कशाला ठेवलाय?" ते म्हणाले आणि गाडी काढली.

सुरुवातीची वळणं त्यांनी अशी घेतली की संघर्षला लहानपण आठवलं. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना हलकेच वेग. कुठे झटका नाही. ते बोलत नव्हते, पण त्यांचा चेहरा सैल झाला होता. एकदा म्हणाले, "संघ्या, गाडीला वजनच नाही रे." आणखी दोन वळणांनंतर: "इथं मोह नाही. वळायचं कशावर?"

"समोर बघून वळा, नाना."

"बघतोच आहे."

पुढच्या वळणाला रस्ता डावीकडे फिरत होता. वरून एक मोठी कॅम्पर व्हॅन उतरत होती, म्हणून काकांनी गाडी उजव्या कडेला घेतली. संघर्षने समोर पाहिलं आणि त्याच्या तोंडून "नाना" एवढंच निघालं. त्याच क्षणी गाडीने स्वतःहून ब्रेक मारला. दोघे पुढे फेकले गेले आणि पट्ट्यांनी मागे ओढले गेले. समोर लाल दिवा लुकलुकत राहिला.

"मी ब्रेक मारला नाही," काका म्हणाले.

"गाडीनं मारला."

"का?"

संघर्षने खिडकी खाली केली होती आणि बाहेर बघून जर्मनमध्ये माफी मागत होता. उजव्या चाकापासून हातभर अंतरावर एक म्हातारी बाई सायकलवरून उतरून उभी होती. पिवळंधमक जाकीट, डोक्यावर पांढरं हेल्मेट.

काका सरळ समोर, वळणाच्या टोकाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "कोणाशी बोलतोस?"

मग काकांनी मान वळवली आणि त्यांना ती बाई दिसली. ते नंतर मला म्हणाले, "रिकामा रस्ता होता. मान वळवली अन् बाई उभी. कुणी तिथं ठेवल्यासारखी."

थोडं पुढे गाड्या उभ्या करून दरी बघण्याची जागा होती. तिथपर्यंत संघर्षने गाडी नेली. तिथे त्याने वडिलांना कठड्याला पाठ लावून उभं केलं आणि स्वतः समोर उभा राहिला. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोटं हलताना दिसली की सांगा." त्याने दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवत हळूहळू आत आणायला लागला. शेजारी काही पर्यटक फोटो काढत होते; त्यांना वाटलं बापलेक काही खेळ खेळतायत.

"दिसलं?"

"हात काढ की आधी."

"काढलेत, नाना."

हात आत येत राहिले. जवळजवळ स्वतःच्या खांद्यापाशी आले तेव्हा काका म्हणाले, "हां. आता दिसलं."

संघर्षने हात खाली सोडले. मग पुन्हा पसरले आणि पुन्हा तेच केलं. उत्तर बदललं नाही.

हा काचबिंदू होता. तो दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ ठेवतो. नजर कडेकडून खात येतो आणि जिथे दिसत नाही तिथे काळंही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून टाकतो. म्हणून तक्ता वाचता येतो आणि तांब्या सांडतो. पेठच्या रस्त्यावर हे कळायला वावच नव्हता. तिथे प्रत्येक वाहन हॉर्न मारून सांगतं की मी इथे आहे, डावी बाजू कुसाबाई सांगते आणि उरलेला रस्ता काकांच्या हातापायांना पाठ होता. मुक्या आणि अनोळखी घाटातच ते उघडं पडणार होतं.

पुढची हॉटेलं बुक होती, म्हणून प्रवास तसाच चालू राहिला. संघर्ष चालवत होता, काका उजवीकडे बसून होते. शर्टावरचा बिल्ला त्यांनी काढून डबीत ठेवला होता. बर्फाचे डोंगर आले, तळी आली. काका प्रत्येक डोंगराकडे मान वळवून वेगळं बघायचे.

"जीप बंद करावी लागेल, नाना," तिसऱ्या दिवशी संघर्ष म्हणाला.

"कुसाबाई सांगते ना."

"ती सांगते, कारण तुम्हाला दिसत नाही."

"सगळ्याच जीपला सांगतात."

"त्यांना दिसतं आणि तरी सांगतात. तुमचं तसं नाही."

काकांनी खिशातल्या डबीवर हात ठेवला. मग म्हणाले, "एसटीत शेवटी शेवटी पण असंच असंल का रे?"

हे कोणालाच माहीत असणं शक्य नाही. संघर्ष म्हणाला, "अपघात तर झाला नाही ना."

"नाही झाला," काका म्हणाले. "पण मग मी चालवत होतो की रस्ताच नेत होता?"

त्यांनी एकच मागणी केली, की हे विमलाला फोनवर सांगायचं नाही. काकूंचा रोज फोन यायचा. "घाट चढलात का?" "चढलो." "कसा होता?" "छान होता." "गाडी रिकामी होती ना?" "रिकामी होती."

परत आल्यावर नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासलं. गेलेली नजर परत येणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उरलेली टिकवण्यासाठी रोज थेंब टाकायचे. काकूंना तेव्हा कळलं. त्या रडल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तांब्या उचलून काकांच्या ताटाच्या थेट समोर ठेवला, आणि तेव्हापासून तो तिथेच असतो. काका त्यावर एकदाच बोलले: "भिंत बांधतेस का माझ्यापुढं?" तांब्या मात्र हलवला नाही.

जीप त्यांनी धोंडीराम नावाच्या करंजाळीच्या एका ड्रायव्हरला देऊन टाकली. त्याने त्यांच्याच हाताखाली घाट शिकला होता. तो म्हणाला, "काका, कधीबी या. तुमचीच गाडी हाय." काका गेले नाहीत. सकाळी जीप सुटायच्या वेळी ते घराच्या ओट्यावर बसायचे. पेठ रोडवरून येणाऱ्या हॉर्नच्या आवाजांतून कोणता आपल्या जीपचा हे त्यांना ओळखता यायचं. आधी ते मला सांगायचे, "गेली बघ." मग तेही बंद झालं.

दिवाळीनंतर करंजाळीजवळ त्यांच्या एका जुन्या कंडक्टरच्या मुलीचं लग्न होतं. जायला हवंच होतं. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या मला म्हणाल्या, "तू जा यांच्याबरोबर. रस्ता ओलांडताना हात धर, पण धरलाय असं दाखवू नको."

आम्ही पेठ नाक्यावर पोचलो तर धोंडीरामची जीप उभी होती. कुसाबाई डाव्या खिडकीत बसलेली. काकांना बघून ती उठून आत सरकली. "इथं बसा, भाऊ. खिडकीला."

"तिथं नको."

"बसा वो. मानाची जागा हाय."

काका खिडकीशी बसले. मी मागच्या बाकावर, त्यांच्या खांद्यामागे होतो. जीप निघाली. आणि मग गावाबाहेर पहिली म्हातारी रस्त्याच्या कडेला आली, तेव्हा जीपमध्ये कोणीच काही बोललं नाही. खिडकीत बसलेल्या माणसाने सांगायचं असतं, आणि ते काका होते. ते समोर बघत होते. धोंडीरामने ब्रेक मारला, हॉर्न दिला. नंतर कुसाबाई काकांच्या मांडीवरून वाकून बाहेर डोकं काढायला लागली. "जाऊ दे रं. म्हैस हाय, दमानं." काकांनी आपले पाय शक्य तितके आखडून घेतले.

सावळघाट लागला. काकांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण त्यांचा उजवा पाय हलत होता आणि मांडीवरचे हात हळूच वळत होते, आणि प्रत्येक वळणाला हात आधी वळायचे, मग जीप वळायची. एकदाही चुकलं नाही. धोंडीरामच्या ते लक्षात आलं. तो मोठ्याने म्हणाला, "बघा रं, काका मिटल्या डोळ्यांनी चालवतायत." मागचे हसले. काकाही किंचित हसले. जर्मनीहून आल्यापासून मी त्यांना तसं पहिल्यांदा पाहिलं.

"आता मोह," काका म्हणाले आणि हात डावीकडे वळवले.

जीप डावीकडे वळली. मी खिडकीबाहेर पाहिलं. वळणावर रस्ता रुंद केलेला होता, कडेला तासलेली लाल माती आणि सिमेंटची भिंत होती. झाड नव्हतं. भिंतीच्या कडेला बुंधाही नव्हता.

"मोह कुठंय?" मागच्या एका पोराने विचारलं.

काकांनी डोळे उघडले होते. त्यांनी मान पूर्ण वळवून खिडकीतून मागे पाहिलं, वळण नजरेआड होईपर्यंत.

"कुसाबाई," ते म्हणाले, "मोह कधी तोडला?"

कुसाबाईने पदर सारखा केला. "दोन वर्सं झाली, भाऊ. रस्ता मोठा केला तवाच."

"दोन वर्षं मी रोज जात होतो इथून."

"व्हय."

"अन् तू रोज म्हणायचीस, मोह आला."

"तुमी मोहावरच वळायचे ना," कुसाबाई म्हणाली. "नायतर कशावर वळले असते?"

"तुला ठाऊक होतं?"

"समद्यांनाच ठाव व्हतं."

"अन् तरी बसत होतात?"

कुसाबाईने आपली रिकामी पाटी मांडीवर घट्ट धरली. "सकाळच्या टायमाला दुसरी जीप कुठं व्हती?"

धोंडीरामने गिअर बदलला. पुढचं वळण आलं, त्याच्या पुढचंही आलं. काकांचे हात मांडीवर उताणे पडून होते. ते आता वळत नव्हते.